उताणा हात, पालथा हात



आज एका शब्दाबद्दल बोलणार आहे. त्या शब्दापायी माझा एक महिना वाया गेला.

निवृत्तीनंतर इंदूरच्या घरी न्हाणीघरात पाय घसरला आणि उजवं मनगट मोडलं. प्लास्टर निघाल्यावर व्यायामाचा कागद मिळाला. त्यात एक शब्द होता, 'सुपिनेशन'. मी पदवीधर, फौजेतला अधिकारी. अर्थ विचारायची लाज वाटली. हात फिरवायचा असेल, असं समजून महिनाभर खांद्यातून हात फिरवत बसलो.

मग एका सकाळी देवळात तीर्थ घ्यायला हात पुढे केला, तर तळहात वर वळेचना. पुजारी पळी धरून थांबलेले, मागे रांग. डावा हात पुढे करायला मन धजेना. तसाच परत फिरलो.

दुसऱ्या दिवशी फिजिओथेरपी करणाऱ्या मुलीला सरळ विचारलं, "बेटा, सुपिनेशन म्हणजे काय?" ती म्हणाली, "सर, हथेली चित. और पट किया तो प्रोनेशन."

चित! कुस्तीत पाठ टेकलेला पैलवान डोळ्यांपुढे आला. घरी येऊन शब्दकोश काढला. लॅटिनमध्ये 'सुपिनस' म्हणजे पाठीवर पडलेला, उताणा. 'प्रोनस' म्हणजे पुढे झुकलेला, पालथा. पोटावर झोपून गोळी झाडण्याच्या पवित्र्याला इंग्रजीत 'प्रोन पोझिशन' म्हणतात. ती मी जवानांना वर्षानुवर्षं शिकवली, पण तोच शब्द हाताला लागतो हे कधी डोक्यात आलं नव्हतं. रोमन लोक आकाशातल्या देवांची प्रार्थना तळहात वर करून करत. व्हर्जिलच्या 'एनिड' महाकाव्यात अशा हातांना हेच 'सुपिनस' विशेषण आहे.

आपल्याकडेही शब्द तयारच आहेत. संस्कृत 'उत्तान'वरून आपला 'उताणा' आला आणि 'पर्यस्त'वरून, प्राकृतातल्या 'पल्लत्थ'मार्गे, 'पालथा'. पालथ्या घड्यावर पाणी राहत नाही, तसंच पालथ्या हातावर तीर्थ राहत नाही. एवढं लक्षात ठेवलं की दोन्ही शब्द पाठ.

आता यंत्रणा बघा. कोपरापासून मनगटापर्यंत दोन हाडं असतात. करंगळीच्या बाजूची अल्ना जवळजवळ स्थिर राहते. अंगठ्याच्या बाजूची रेडियस तिच्याभोवती फिरते. हात उताणा असताना दोन्ही हाडं समांतर असतात. पालथा केला की रेडियस अल्नावर तिरकी चढते. म्हणजे तळहात वळतो तो या दोन हाडांमुळे, खांद्यामुळे नव्हे. माझी चूक नेमकी इथेच होती.

खांद्याची लबाडी टाळायची तर कोपर बरगडीला चिकटवून काटकोनात वाकवायचं. अंगठा वर ठेवायचा, ही मधली स्थिती. तिथून तळहात आकाशाकडे वळवला की सुपिनेशन, जमिनीकडे वळवला की प्रोनेशन. निरोगी हात दोन्हीकडे साधारण 80 ते 85 अंश वळतो.

इथे एक गोंधळ होतो. उभं राहून हात खाली सोडले तर उताण्या हाताचा तळवा आकाशाकडे नसतो, समोर असतो. शरीररचनाशास्त्राच्या चित्रांतला माणूस असाच उभा असतो. आमच्या 'सावधान'मध्ये मात्र अंगठा पँटच्या शिवणीवर असतो, म्हणजे हात उताणाही नाही आणि पालथाही नाही.

कोपर काटकोनात असताना हात उताणा करण्यात दंडाचा बायसेप्स मोठं काम करतो. उजव्या हाताने स्क्रू आवळताना दंड फुगतो, तो म्हणूनच.

योग्य व्यायाम सुरू केल्यावर हळूहळू हात वळू लागला. आजही पूर्ण वळत नाही, पण पळीभर तीर्थ तळहातावर राहतं.

फौजेत हुकूम समजला नाही तर तिथल्या तिथे विचारायचा, हे मी जवानांना शिकवलं. स्वतः मात्र दवाखान्यात गप्प बसलो. तुम्ही बसू नका. कागदावरचा शब्द कळला नाही तर तिथेच विचारा, आणि हात वळवून दाखवायला सांगा.

जय हिंद.