माल नव्हे, कागद



एकोणिसाव्या शतकात माळव्याची अफू मुंबईमार्गे चीनला जायची आणि त्या व्यापाराचा पैसा हुंड्यांवर फिरायचा. हुंड्यांत एक जोखमी हुंडी असे. माल सुखरूप पोचला तरच ती वटायची; जहाज बुडालं की हुंडीही बुडाली. आजचं पतपत्र, म्हणजे आपली ‘लेटर ऑफ क्रेडिट’ किंवा एल.सी., बरोबर उलट वागतं. जहाज बुडो की तरो, कागद बिनचूक असतील तर बँकेला पैसे द्यावेच लागतात. २००७पासून लागू असलेल्या ‘यूसीपी ६००’ या नियमावलीचं पाचवं कलम तेच सांगतं: बँकांचा संबंध कागदपत्रांशी, मालाशी नाही.

१९४०च्या दशकातला लंडनमधला एक खटला सोयापेंड निर्यात करणाऱ्यांनी पाठच करावा. माल हिंदुस्थानचा, खरेदीदार डेन्मार्कचा. पतपत्रात ‘कोरोमंडल ग्राउंडनट्स’, तर जहाजाच्या पावतीवर ‘यंत्राने सोललेले शेंगदाणे’. पेठेत दोन्ही एकच. बँकेनं पैसे नाकारले आणि अपील न्यायालयानं तिलाच उचलून धरलं. पेठेची बोली बँकेनं का शिकावी? मला हा निकाल कठोर वाटतो, पण चुकीचा नाही. लबाडीची गोष्ट मात्र वेगळी. १९४१मध्ये लखनौहून न्यूयॉर्कला निघालेल्या पेट्यांत राठ केसांऐवजी गाईचे केस आणि कचरा भरल्याचा आरोप होता. कागद चोख होते, तरी असली लबाडी वेळेत कळली तर पैसे रोखता येतात, असं न्यूयॉर्कच्या न्यायालयानं ठरवलं.

पैसे कधी मिळणार, हे पतपत्राच्या प्रकारावर ठरतं. दर्शनी असेल तर कागद तपासले की लगेच. तपासायला बँकेला फार तर पाच कामकाजाचे दिवस. मुदतीच्या पतपत्रात बँक हुंडी सकारते आणि समजा ९० दिवसांनी भरते. सकारलेली हुंडी व्याज कापून आधीही वटवता येते. काही ठिकाणी हुंडीवरचा स्टॅम्प-कर चुकवायला हुंडीशिवायचं मुदतीचं पतपत्रही रुळलं. ‘निगोशिएशन’मध्ये तुमची इथलीच बँक कागद विकत घेऊन आगाऊ पैसे देते. लहान कारखानदाराला ते सोयीचं, पण परदेशी बँकेनं हात वर केले तर बहुधा वसुली तुमच्याकडूनच होते. म्हणून परकी बँक अनोळखी असेल तर दुसऱ्या बँकेचं ‘कन्फर्मेशन’, म्हणजे तिचीही हमी, घ्यावं. थोरली पाती, धाकटी पाती अशी दोन राज्यं नांदलेल्या देवासला दोन धन्यांचं अप्रूप नसावं!

आपल्या माळव्याला समुद्र नाही, याची किंमत मात्र तारखांत मोजावी लागते. पिथमपूरहून कंटेनर निघाला म्हणजे माल जहाजावर चढला असं नव्हे. एल.सी.त ‘ऑन बोर्ड’ पावती मागितली असेल तर न्हावा शेवा बंदरात जहाजावर चढल्याची तारीखच धरतात. वाटेत आठवडा गेला, मुदत टळली, की कागद सदोष. त्यापेक्षा रेल्वे-जहाज मिळून एकच बहुविध वाहतूक दस्तऐवज चालेल आणि माल पिथमपूरला ताब्यात घेतल्याची तारीख धरली जाईल, असं लिहून घ्यावं. तेही सौदा ठरतानाच. एकदा एल.सी. उघडली की बदलाला तुमची आणि ती उघडणाऱ्या बँकेची संमती लागते, कन्फर्म केलेली असेल तर त्या बँकेचीही. आणि बदल मागायला खरेदीदाराच्याच दारी जावं लागतं.