हाक न येणारे दोन तास

(स्त्रियांच्या लेखन शिबिरात केलेलं भाषण)



'तुम्हाला सुचतं कसं?' असं मला पुरुष विचारतात. बायका विचारतात, 'तुम्ही लिहिता कधी?' मला बायकांचा प्रश्न जास्त खरा वाटतो.

मी एमएसडब्ल्यू झाले आणि गेली दहा वर्षं एका सल्ला केंद्रात काम करते. दिवसभर दुसऱ्यांच्या हकिगती लिहिते, 'अर्जदार महिलेचे म्हणणे असे की...' घरी आलं की कणीक, मुलीचा अभ्यास, सासूबाईंची औषधं. स्वतःचं लिहायला बसले की चोरी करतोय असं वाटायचं. कुणी खोलीत आलं की मी वहीवर हिशेबाची डायरी ठेवत असे.

एकदा केंद्रात एक बाई आल्या. त्यांच्या परवानगीनं सांगते. मी अर्ज लिहून देते म्हटलं, तर म्हणाल्या, 'नको ताई, मीच लिहीन.' शिक्षण सातवी. बाकावर बसून दोन तास लिहीत होत्या. आठ पानं झाली. मारहाण चार ओळींत होती. बाकी सगळं माहेरची विहीर, गेलेली बहीण, एकटीनं केलेला पहिला एसटीचा प्रवास. कामापुरता अर्ज मी एका पानात केला. ती आठ पानं मात्र त्यांनी परत मागून घेतली. जाताना म्हणाल्या, 'लग्न झाल्यापासून इतका वेळ मला कुणी हाक मारली नाही, असं पहिल्यांदा झालं.'

स्फूर्ती, प्रतिभा हे मोठे शब्द आहेत. मला त्या दिवशी कळलं की त्यांच्या आधी लागतात हाक न येणारे दोन तास. ते आपल्याकडे का नसतात? २०२४ च्या सरकारी वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या बायकांचे दिवसाला सरासरी २८९ मिनिटं त्यात जातात, पुरुषांची ८८. आपली न लिहिलेली पानं या फरकात आहेत.

कुणी म्हणतं, बहिणाबाई जात्यावर बसून रचत होत्याच ना? होत्या. पण त्यांना लिहिता येत नव्हतं. मुलानं आणि एका नातेवाइकानं टिपून ठेवलं, म्हणून त्या गेल्यावर १९५२ साली पुस्तक झालं. टिपायला कुणी नव्हतं अशी किती जाती फिरून थांबली असतील? बेबीताई कांबळे फलटणला आपल्या छोट्या दुकानात बसून 'जिणं आमुचं' लिहीत होत्या आणि वर्षानुवर्षं नवऱ्यापासून वह्या लपवत होत्या. १९८६ साली ते पुस्तक निघालं. त्यांच्या जिद्दीला सलाम करूच, पण बाईला वही लपवावी लागते, याचं कौतुक नको.

मी घरात सांगून टाकलं, मंगळवारी आणि शुक्रवारी रात्री साडेआठ ते दहा मला हाक मारायची नाही. पहिल्या आठवड्यात दूध उतू गेलं. 'एवढं काय लिहायचं असतं?' हेही ऐकलं. मी उठले नाही. आता त्या दोन दिवशी नवरा खिचडी टाकतो. अपराधी वाटणं अजून पुरतं गेलेलं नाही, पण डायरी वहीवर ठेवायची सवय गेली.

माझ्याकडे लावून घ्यायला दार आहे. एका खोलीत सहाजणं राहतात तिथल्या बाईनं काय करावं? म्हणून गुरुवारी दुपारी आम्ही केंद्रातला तो बाक, पाच-सहा वह्या आणि पेनं मोकळी ठेवतो. काय लिहिलं, हे विचारत नाही. चार-पाच जणी येतात. एक तर येऊन नुसती झोपते. आम्ही तिला उठवत नाही. तोही तिचाच वेळ आहे. वही तिच्या उशाशी असते.