औषधाचा हिशेब
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. मी रुग्णालयातल्या औषधांवर बोलणार म्हटल्यावर काहीजणींना हसू आले असेल. पण आजचा विषय मुळात हिशेबाचा आहे, आणि तो आपल्या रोजच्या हातचा आहे.

गेल्या वर्षी माझ्या सासूबाईंना रुग्णालयात ठेवावे लागले. लघवीत जंतुदोष होऊन ताप चढला होता. दोन दिवस इंजेक्शने झाली, पण ताप उतरेना. तिसऱ्या दिवशी तपासणीचा कागद आला. त्यात औषधांची नावे ओळीने होती, आणि बहुतेक नावांपुढे, जंतू याला दाद देत नाही, अशी खूण होती. डॉक्टरांनी विचारले, “यापूर्वी घरी काय काय दिलेत?” मी खाली मान घातली. वर्षभर जरा जळजळ झाली की मीच जुन्या चिठ्ठीवर दुकानातून गोळ्या आणी, आणि बरे वाटले की उरलेल्या डब्यात जपून ठेवी. काटकसर म्हणून केले, ते अंगाशी आले. औषध बदलले आणि देवाच्या दयेने सासूबाई घरी आल्या.

त्याच मुक्कामात एका सकाळी एक डॉक्टरीणबाई कागद घेऊन खाटेखाटेपाशी थांबू लागल्या. मला वाटले, कोणाची चूक धरायला आल्या आहेत. त्यांनी समजावून सांगितले, “सकाळी आठ वाजता जे रोगी दाखल आहेत, त्यांतल्या कितीजणांना अँटिबायोटिक चालू आहे ते आम्ही मोजतो. मग पाहतो, की औषध कशासाठी दिले ते लिहिले आहे का? आधी रक्त किंवा लघवी तपासायला पाठवली होती का? मात्रा बरोबर आहे का? बंद कधी करायचे?”

मी विचारले, “पण नुसते मोजून काय कळणार?”

त्या म्हणाल्या, “नुसत्या आकड्याने कळत नाही, म्हणून तर कारण विचारायचे.”

हे मला लगेच पटले. महिन्याला दूध जास्त लागले, म्हणजे उधळपट्टीच झाली असे नाही. पाहुणे आले असतील, घरात बाळंतीण असेल. पण वहीत कारणच लिहिले नाही, तर गरज कोणती आणि नासाडी कोणती हे कसे ठरवावे? औषधाचेही तसेच. तापाने फणफणलेल्या रोग्याला तपासणीचा निकाल येईपर्यंत ताटकळत ठेवता येत नाही, औषध सुरू करावेच लागते. पण निकाल आल्यावर ते पुन्हा पाहायला हवे.

आपल्या देशात राष्ट्रीय रोग नियंत्रण केंद्राने नोव्हेंबर २०२१ ते एप्रिल २०२२ या काळात २० मोठ्या रुग्णालयांत असा हिशेब केला. ९,६५२ रोग्यांपैकी शंभरांत सुमारे ७२ जणांना अँटिबायोटिक चालू होते. दिलेल्या औषधांपैकी निम्म्याहून अधिक, जंतुदोष होऊ नये म्हणून आधीच दिलेली होती. जी आजारावर दिली, त्यांतही नेमका जंतू ओळखून दिलेली शंभरांत अवघी सहा!

जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ साली या औषधांचे तीन गट पाडले: नेहमी वापरायची, जपून वापरायची, आणि दुसरे काही चालेनासे झाले तरच काढायची. तिसरा गट म्हणजे अडीअडचणीला ठेवलेले स्त्रीधन. ते रोजच्या बाजारहाटाला मोडले, तर संकटात काय हाती राहणार?

भगिनींनो, रुग्णालयाचा हिशेब रुग्णालयाने ठेवावा, पण खाटेपाशी बसणारी बाई आपणच असतो. “डॉक्टर, हे औषध कशासाठी? किती दिवस? तपासणीचा निकाल आला का?” एवढे नम्रपणे विचारायला सातवीच्या पुढचे शिक्षण लागत नाही. आणि आपल्या घरचा डबा आपणच तपासावा. माझ्या डब्यात आता उरलेली गोळी सापडायची नाही.