दोन गाड्यांमधली मोकळी जागा
(मंडळाच्या वर्धापनदिनी दिलेले भाषण)



आजच्या व्याख्यानाचा विषय मी कळवला, तेव्हा चिटणीसबाईंनी जरा चाचरतच विचारले, "बाई, मोटारींचा वेग हा विषय पुरुषमंडळींच्या सभेत अधिक शोभेल, नाही का?" मी त्यांना उलट विचारले, "आपल्या मंडळातल्या किती घरी मोटार आहे?" त्यांनी बोटांवर मोजायला सुरुवात केली, दोन्ही हातांची बोटे संपली, आणि मग त्यांनी विषय मान्य केला.

मी काही मोटारशास्त्रातली तज्ज्ञ नव्हे. आयुष्यभर शाळेत विज्ञान शिकवले, गेली बावीस वर्षे स्वतः गाडी चालवते, आणि लेक पुण्यात दिलेली असल्यामुळे मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर माझ्या जितक्या खेपा झाल्या, तितक्या माझ्या आईच्या पंढरपूरलाही झाल्या नसतील. तेव्हा मी बोलणार ते त्या रस्त्याविषयी आणि त्यावर आपली माणसे गाड्या कशा हाकतात त्याविषयी.

रस्ता उत्तम आहे. कळंबोलीपासून देहूरोडपर्यंत साडेचौऱ्याण्णव किलोमीटर, जायला तीन पट्टे, यायला तीन, मध्ये दुभाजक. २००२ साली तो पुरा झाला तेव्हा आपल्या देशात असा रस्ता दुसरा नव्हता. पण रस्ता नवा झाला आणि चालवणारे जुनेच राहिले. ज्या रस्त्यावर बैलगाडी, सायकल आणि शाळेची पोरे एकदम येतात तिथे आपण गाडी शिकलो. तिथे पुढच्याच्या पाठीला चिकटून राहिले नाही तर पुढे सरकताच येत नाही. तीच सवय आपण ताशी १०० किलोमीटरच्या रस्त्यावर नेली.

आता थोडे गणित, फळा नसला तरी. ताशी १०० म्हणजे सेकंदाला जवळजवळ २८ मीटर. आपले हे सभागृह, चिटणीसबाईंनी मोजून सांगितल्याप्रमाणे, १४ मीटर लांब आहे. म्हणजे "अगं बाई!" म्हणायला जो एक सेकंद लागतो, तेवढ्यात गाडी दोन सभागृहे पार करते. पुढच्या गाडीचे तांबडे दिवे डोळ्यांनी पाहायचे, मनाने ओळखायचे आणि पाय उचलून ब्रेकवर ठेवायचा, याला चांगल्या तरतरीत माणसालाही साधारण एक सेकंद लागतोच. त्यानंतर ब्रेक लागतो, आणि कोरड्या रस्त्यावर चांगल्या टायरची गाडी थांबायला आणखी चार सभागृहे घेते. एकूण सहा. वेग १२० केला, तर सहाची सात होत नाहीत, आठ होतात; कारण ब्रेक लागल्यानंतरचे अंतर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. आणि आपले चिरंजीव पुढच्या गाडीपासून किती अंतर ठेवतात? या व्यासपीठापासून तिसऱ्या रांगेपर्यंत! वर दिवे उघडझाप करून पुढच्याला "हो बाजूला" म्हणून दटावायचे.

पुढच्या गाडीने एकाएकी वेग कमी केला तरी धडक होणार नाही एवढे अंतर ठेवावे, असे रस्त्याचे नियमच सांगतात. ते मोजायला फूटपट्टी लागत नाही. पुढची गाडी एखाद्या खांबापाशी आली की मनात म्हणावे, "एकशे एक, एकशे दोन, एकशे तीन." तीन म्हणून होण्याआधी आपण त्या खांबापाशी पोचलो तर आपण फार जवळ आहोत. पावसाळ्यात आणि धुक्यात हाच आकडा दुप्पट करावा. माझे भाचेजावई गाडी चालवत असताना मी एकदा शेजारी बसून हे मोठ्याने मोजत होते. खोपोली येईपर्यंत त्यांनी सोसले, मग म्हणाले, "मावशी, जप चाललाय का?" मी म्हटले, "हो, तुमच्याच आयुष्याचा." ते हसले, पण पुढे अंतर वाढले हे मी पाहिले.

यावर नेहमीचा आक्षेप असा, की जागा सोडली की कोणीतरी मध्ये घुसतो. घुसतो, हे खरे. घुसू द्यावा. तो घुसल्यावर पुन्हा तेवढे अंतर घ्यायला आपले दोन-तीन सेकंद जातात. कळंबोलीपासून देहूरोडपर्यंत दहा जण घुसले तरी अर्धे मिनिट गेले. अर्ध्या मिनिटात आपल्याकडे दूधसुद्धा उतू जात नाही.

उजवा पट्टा ओलांडून पुढे जाण्यासाठी असतो, कायम राहण्यासाठी नाही, हेही आपल्याला कोणी शिकवले नाही. अवजड ट्रक तिथे सावकाश चालतात आणि मग मोटारवाले डावीकडून सुळकन पुढे जातात. ट्रकवाल्यांना नावे ठेवणे सोपे आहे, पण डाव्या पट्ट्यात कोणी गाडी उभी करून फोनवर बोलत असतो, त्याला चुकवायला बिचारा ट्रक उजवीकडे येतो, हे मी अनेकदा पाहिले आहे. ट्रकचालकाला डावी बाजू नीट दिसत नाही, आणि आपण नेमके तिथूनच जातो.

एवढे करून मिळते काय? साडेचौऱ्याण्णव किलोमीटर ताशी १०० ने गेले तर ५७ मिनिटे, १२० ने गेले तर ४७. लाभ दहा मिनिटांचा, तोही घाट नसता, टोलनाका नसता आणि रस्ता मोकळा असता तर. प्रत्यक्षात हाती पाच मिनिटेही उरत नाहीत. २०२४ पासून या मार्गावर वेग टिपणारे कॅमेरे लागले आहेत. तर कॅमेऱ्यापाशी हळू आणि पुढे गेल्यावर पुन्हा भरधाव, ही नवी विद्या निघाली. आईची नजर चुकवून लाडू खाणाऱ्या मुलासारखेच हे. फक्त इथे पोटदुखीवर भागत नाही. २०२२ साली आपल्या देशात रस्त्यांवर १ लाख ६८ हजार ४९१ माणसे गेली आणि सरकारी अहवालाप्रमाणे त्यांतले शंभरातले एकाहत्तर मृत्यू अतिवेगाच्या खात्यात पडले.

आकडा मनाला लागत नाही, नावे लागतात. भक्ती बर्वे याच मार्गावर फेब्रुवारी २००१ मध्ये गेल्या. डिसेंबर २०१२ मध्ये आनंद अभ्यंकर, अक्षय पेंडसे आणि पेंडशांचा लहानगा मुलगा गेला. समोरच्या बाजूचा टेम्पो दुभाजक ओलांडून त्यांच्या गाडीवर आला होता. दुसऱ्याची गाडी हाताबाहेर गेली की ती तुमच्या शहाणपणाला विचारत नाही. म्हणूनच मागे बसणाऱ्यांनीही पट्टा बांधावा. नातवंडाला मांडीवर घेऊन "मी धरलंय ना घट्ट" म्हणणाऱ्या आज्या इथे बसल्या आहेत, मला दिसताहेत. ताशी ६० च्या धडकेत दहा किलोचे बाळ क्षणभर दीड-दोनशे किलोच्या ओझ्यासारखे ओढ घेते. तेवढे धरणारे हात कोणाचेच नाहीत.

आता मुद्द्याची गोष्ट, आणि ती थोडी टोचेल. हा वेग कुठे जन्म घेतो? मला वाटते, आपल्या बैठकीच्या खोलीत. "आमचा मिलिंद पावणेदोन तासांत दारात हजर!" हे आपणच कौतुकाने सांगतो ना? अडीच तास घेऊन, कोणाला न दटावता, सुखरूप आलेल्या जावयाचे कौतुक केलेले मी अजून ऐकले नाही. त्याला "वाटेत काही झालं का हो?" असे विचारतात. घरून निघायला साडेआठचे साडेनऊ होतात, त्यात कोणाची पर्स, कोणाचा डबा, कोणाची राहिलेली पूजा असते. तो तास भरून काढायची जबाबदारी मात्र चालवणाऱ्याच्या पायावर पडते. मग पलीकडून आपला फोन: "कुठपर्यंत आलात? पानं मांडलीत." पंधरा मिनिटांनी पुन्हा. आमटी पुन्हा ऊन करता येते, बायांनो! पाहुण्यांना एकदाच सांगावे, "सावकाश या, आम्ही जेवून घेतो, तुमचं झाकून ठेवते." या एका वाक्याने घाटातला वेग जितका उतरतो, तितका पोलिसांच्या दंडानेही उतरत नसेल.

आणि शेजारी बसल्यावर बोलावे. "त्यांना मध्ये बोललेलं आवडत नाही," असे पुष्कळजणी म्हणतात. ऐन वळणावर किंचाळू नये, हे बरोबर. पण निघण्याआधी, चहा पिताना, शांतपणे ठरवून घ्यावे: इतक्या वेगापुढे नाही, अंतर तीन आकडी. जीव आपलाही गाडीत असतो. तेवढा मताचा हक्क आपल्याला पुरेसा आहे.

भाड्याच्या गाडीत तर हे अधिकच सोपे. गेल्या वैशाखात आम्ही सातजणी कोल्हापूरला लग्नाला गेलो. चालक पंचविशीचा पोरगा. गाडीत बसतानाच मी त्याला सांगितले, "बाळ, लवकर पोचवलंस म्हणून बक्षीस नाही आणि उशीर झाला म्हणून बोलणं नाही." तो मागे वळून पाहत राहिला. म्हणाला, "आजी, लोक बसतात तेच विचारतात, किती वाजता टाकशील? मालकपण फेऱ्या मोजतो." दिवसभर तो पोरगा मोकळेपणाने गाणी ऐकत गाडी चालवत होता. साताऱ्याला थांबून त्याने निवांत मिसळ खाल्ली, आम्ही चहा घेतला, आणि सीमांतपूजनाला वेळेवर पोचलो. वरपक्ष यायचाच होता.