कांद्याचं फूल, घरचं बी

आम्ही अनसिंगहून बोलतोय. परदेशात कांद्याच्या जातकुळीतली झाडं नुसत्या फुलांसाठी बागेत लावतात. आपल्याला मात्र पांढरा गोंडा दिसला की बी आठवतं. कांद्याचं बी वर्षभरात जुनं होतं, आणि विकतच्या पिशवीतलं नवं की जुनं ते डोळ्यांना कळत नाही. उगवलं नाही तर हंगाम गेला. म्हणून परसात एक वाफा बियाण्याला ठेवावा.

कांदा सरळ वाणाचा घ्या, अकोला सफेद किंवा एन-२-४-१ सारखा. संकरित नको. दिवाळीच्या सुमारास मध्यम, घट्ट कांद्याचा वरचा तिसरा हिस्सा कापायचा, म्हणजे आत डोळे किती ते दिसतं. एका डोळ्याचाच लावायचा. दोन वाण जवळजवळ लावू नका, बी भेसळतं.

आता फुलाचं. कांद्याच्या फुलात पराग आधी तयार होतो, स्त्रीकेसर मागाहून. त्यामुळे दुसऱ्या फुलाचा पराग आणायला मधमाशी लागतेच. फुलकिड्यांसाठी जे फवारायचं ते फुलं उमलण्याआधी. उमलल्यावर पंपाला हात लावायचा नाही. घरधन्यालाही सांगून ठेवा, शेजारच्या हरभऱ्यावरून निघालेला पंप सहज परसात वळतो!

गोंडे एकदम पिकत नाहीत. ज्यात थोडी बोंडं फुटून काळं बी दिसेल तेवढेच सकाळी कापा, दोन-तीनदा. सावलीत नीट वाळवून, चोळून, हवाबंद डब्यात भरा. डब्यावर वाणाचं नाव आणि वर्ष लिहा.