कुंचला कोणाच्या हाती?

(जयपूर येथे स्थायिक झालेल्या माजी विद्यार्थ्यांच्या व पालकांच्या मेळाव्यातील व्याख्यान)



जयपुरालगतच्या आमेरचा राजा मानसिंह, अकबराचा ख्यातनाम सेनापती, १६१४ साली मरण पावला तो वऱ्हाडात, एलिचपूर म्हणजे आजच्या अचलपूर येथे. जहांगीरने त्याला दख्खनेत धाडले होते निजामशाहीविरुद्धच्या मोहिमेवर. आणि ती निजामशाही त्या काळी ज्याच्या खांद्यावर उभी होती, तो मलिक अंबर मूळचा इथिओपियाचा. दोघेही परमुलखात लढत होते. एक मनसबदार म्हणून आला होता, दुसरा गुलाम म्हणून विकला जाऊन. आमेर आणि अंबर या नावांतले साम्य मात्र निव्वळ योगायोगाचे. अंबर हे एका सुगंधी द्रव्याचे अरबी नाव, आणि तेही धन्याने ठेवलेले. आईबापांनी ठेवलेले नाव चापू.

आफ्रिकेतून अमेरिकेत गेलेले कलावंत स्वतःची ओळख कशी रंगवतात, याची आज जगभर चर्चा होते. त्या प्रश्नाचे एक जुने प्रकरण महाराष्ट्राच्या भूमीवर घडून गेले आहे.

सुमारे १५४८ साली जन्मलेला हा मुलगा बाजारांतून विकला जात बगदादमार्गे दख्खनेत आला. निजामशाहीचा पेशवा चंगीजखान याने त्याला विकत घेतले. हा चंगीजखानही हबशीच. धन्याच्या मृत्यूनंतर अंबर स्वतंत्र झाला आणि पुढे राज्याचा कर्ता पुरुष बनला. १६१० साली त्याने खडकी वसवली, तीच पुढे औरंगाबाद आणि आता छत्रपती संभाजीनगर. तेथील भूमिगत नहर त्याचीच. १६२४ च्या भातवडीच्या लढाईत शहाजीराजे त्याच्या बाजूने लढले. १६२६ मध्ये तो वारला. खुलदाबादेत त्याची कबर आहे.

या माणसाची समकालीन चित्रे उपलब्ध आहेत. त्यांपैकी दोन शेजारी ठेवून पाहावीत. पहिले जहांगीरच्या दरबारातील चित्रकार अबुल हसन याचे, सुमारे १६१६ चे. ते आज डब्लिनच्या चेस्टर बीटी संग्रहालयात आहे. पृथ्वीच्या गोलावर उभा राहून जहांगीर बाण सोडतो आहे आणि समोर भाल्याच्या टोकावर अंबरचे छाटलेले मस्तक आहे. प्रत्यक्षात असे कधीच घडले नाही. अंबर मोगलांच्या हाती लागलाच नाही. बादशहाने रणांगणावर न मिळालेला विजय कागदावर मिळवून घेतला! दुसरे चित्र हाशिमचे, लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातील. त्यात शुभ्र वस्त्रांतला, तलवार बाळगलेला, वयाने भारदस्त झालेला अंबर एका बाजूने दिसतो. कसलाही देखावा नाही, उपहास नाही. त्वचेचा काळा रंग चित्रकाराने लपवलेला नाही आणि भडकही केलेला नाही.

तरीही ही दोन्ही चित्रे दुसऱ्यांनी काढलेली. चापूने स्वतःला कसे पाहिले, हे त्यांतून कळत नाही.

‘हबशी’ हा शब्दही असाच दुसऱ्यांच्या हाती गेला. हबश म्हणजे इथिओपियाचा प्रदेश. तेथला तो हबशी. अहमदनगर, विजापूर आणि जंजिऱ्याच्या इतिहासात तो सरदारांसाठी येतो. पुढे मराठी बोलण्यात तो हिणवण्यासाठी वापरला जाऊ लागला, आणि शाळेच्या पटांगणावर मुलांनी तो सावळ्या सोबत्यावर फेकला. जयपूरच्या विद्यापीठांत आज आफ्रिकी देशांतले विद्यार्थी शिकतात. खोली भाड्याने मागायला ते दारात उभे राहिले की घरमालकाच्या तोंडी कोणता शब्द येतो, याचा पालकांनी विचार करावा.

अमेरिकेतही प्रश्न शाळेतूनच सुरू झाल्याची एक कथा आहे. आर्तुरो शॉम्बर्ग हा पोर्तो रिकोहून न्यूयॉर्कला गेलेला कृष्णवर्णीय गृहस्थ. काळ्यांना इतिहासच नाही, असे बालपणी एका शिक्षकाने त्याला सांगितले, असे म्हणतात. त्याने आयुष्यभर ग्रंथ, चित्रे, कागदपत्रे जमवली, आणि १९२६ साली, अंबरच्या मृत्यूनंतर बरोबर तीनशे वर्षांनी, तो संग्रह न्यूयॉर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयाकडे आला. हार्लेममधील त्याच शॉम्बर्ग केंद्राने २०१३ मध्ये भारतातील आफ्रिकी लोकांवर प्रदर्शन भरवले.

आता तेथे कुंचला स्थलांतरितांच्याच हाती आहे. १९८३ साली नायजेरियात जन्मलेली न्जिडेका अकुनिली क्रॉस्बी अमेरिकेतल्या घराची बैठक रंगवते, तेव्हा भिंतींवर, कपड्यांवर मायदेशातील मासिकांची व कुटुंबाची छायाचित्रे उमटवते. तोयिन ओजिह ओदुतोला हिने साध्या बॉलपेनाने त्वचा रेखाटली. जवळून पाहिले की काळा हा एक रंग न राहता शेकडो रेघांचा समूह होतो. हाशिमने जो रंग प्रामाणिकपणे पाहिला, तो ती आतून पाहते.

भारतात असे काम कोणी करते का? उत्तर कलादालनात मिळत नाही. उत्तर कन्नड जिल्ह्यातील हल्याळ, यल्लापूर, मुंडगोड या तालुक्यांत सिद्दी वस्त्या आहेत. आफ्रिकेतून आणलेल्यांचे हे वंशज. घरांत कोंकणी बोलतात, तिला मराठी-कानडीचा स्पर्श आहे. तेथील स्त्रिया जुन्या कपड्यांच्या तुकड्यांतून ‘कवंद’ शिवतात. मराठी घरात जिला गोधडी किंवा वाकळ म्हणतात, तिचीच ही बहीण. शिवण काठापासून सुरू होऊन फेऱ्याफेऱ्याने मध्याकडे जाते. ख्रिस्ती घरच्या कवंदीवर क्रूस येतो, मुसलमान घरच्या कवंदीवर चंद्रकोर. आणि चारही कोपऱ्यांवर घड्या घातलेल्या कापडाची ‘फुले’ लावावीच लागतात. फुलांवाचून कवंद उघडी राहिली, असे त्या मानतात. थंडीला त्या फुलांचा काही उपयोग नाही. तरी प्रत्येक बाई ती लावते.