मोंमार्त्रमधली खोली

(कार्यकर्त्यांच्या निवासी शिबिरात केलेलं भाषण, थोडं संपादित करून.)



'बाई आणि प्रवास' असा विषय मला दिला आहे. विषय मोठा, आणि सत्र जेवणानंतरचं. त्यामुळे मी त्यातला एक लहान तुकडा घेते : स्वस्त हॉटेलातली खोली. ती बाईला मिळते का, आणि मिळालीच तर ती कोण आवरतं. उदाहरण पॅरिसचं घेणार आहे. "आमच्याकडे एसटी वेळेवर येत नाही आणि ही बया पॅरिसचं सांगतेय" असं कुणाच्या मनात आलं असेल तर ते रास्तच आहे. पण थोडं ऐकून घ्या.

२०२३च्या ऑक्टोबरात घरकामगार स्त्रियांच्या प्रश्नावरच्या एका कार्यशाळेसाठी मला तिथे जायला मिळालं. तीन दिवस आयोजकांनी सोय केली होती. पुढचे चार दिवस मी पदरचे पैसे घालून राहिले. हॉटेल निवडलं मोंमार्त्र भागातलं, दोन तारे असलेलं, अगदी छोटं. मोंमार्त्र म्हणजे पॅरिसच्या उत्तरेची टेकडी. चित्रकारांची, प्रेमिकांची, सिनेमातली. तिथे आबेस नावाच्या चौकालगतच्या बागेत एक निळी भिंत आहे. तिच्यावर 'माझं तुझ्यावर प्रेम आहे' हे वाक्य अडीचशे भाषांत लिहिलंय आणि जोडपी तिच्यासमोर फोटो काढायला रांग लावतात. २००१ साली आलेल्या 'अमेली' सिनेमामुळे या भागाचं आणखीच वेड लागलं. त्यातली नायिका इथल्याच एका कॅफेत कामाला असते, ताटल्या उचलते. पण सिनेमा बघून आलेल्यांना आठवतं ते तिचं प्रेम. पाय दुखत असतील का, हे कुणी विचारत नाही.

खोली कशी होती? पलंग, खुर्ची आणि मी, एवढं मावेल अशी. खिडकी मागच्या चौकात उघडणारी. लिफ्टमध्ये एक माणूस आणि एक बॅग, दोघं एकदम नाहीत. म्हणून बहुतेक जण जिनाच वापरायचे. जिना लाकडी, गोल गोल वर जाणारा, मधोमध झिजलेला. मालक स्वतः सकाळी पाव-लोणी-जाम आणि कॉफी आणून द्यायचे. मी एकटी आहे याबद्दल त्यांनी एक शब्दही विचारला नाही. पासपोर्ट बघितला, किल्ली दिली, न्याहारीची वेळ सांगितली. संपलं.

हे 'संपलं' आपल्यापैकी किती जणींच्या वाट्याला येतं? मागे एका तालुक्याच्या गावी बैठक लांबली आणि माझी शेवटची गाडी गेली. स्टँडसमोरच्या लॉजवर खोली मागितली. काउंटरवरचा म्हणाला, "ताई, सिंगल लेडीजला देत नाही. सोबत कोणी असेल तर बघू." सोबत पुरुष असता तर त्याने विचारलं असतं, "लग्नाचं प्रूफ?" म्हणजे एकटी आली तर संशय, जोडीने आली तर चौकशी. ऑगस्ट २०१५मध्ये मुंबईत मढ आणि अक्सा भागातल्या हॉटेलांवर पोलिसांनी छापे घातले, सुमारे ४० जोडप्यांना उचललं आणि सार्वजनिक असभ्यतेच्या कलमाखाली दंड केला. बंद खोलीतली सार्वजनिक असभ्यता! त्यांतल्या मुलींच्या घरी पुढे काय झालं असेल, ते इथे बसलेल्यांना समजावून सांगायची गरज नाही. डिसेंबर २०१९मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितलं की लग्न न झालेल्या दोघांनी हॉटेलात एकत्र राहू नये असा कोणताही कायदा नाही. कायदा नाहीच. आहे तो काउंटरवरचा माणूस, आणि त्याच्यामागे उभा असलेला सगळा समाज. म्हणून दाराला आतून कडी घालता येईल अशी भाड्याची खोली हा बाईच्या दृष्टीने साधा प्रश्न नाही. मारहाणीतून रात्री बाहेर पडलेली बाई पहिल्यांदा काय शोधते? एक रात्र काढायला जागा. आपल्या केंद्रात येणाऱ्या कितीतरी जणी ती मिळाली नाही म्हणून परत त्याच घरी गेलेल्या आहेत.

तर मला ती खोली मिळाली, आणि मी सुखावले. दुपारी चपला काढून पलंगावर आडवी झाले, पुस्तक उघडलं. कुणाचा डबा नाही, कुणाचं औषध नाही. त्याच टेकडीवर राहून गेलेल्या एका बाईचं एक चित्र आहे, ते मला तेव्हा आठवलं. सुझान वालादों. जन्म १८६५चा. धुण्याचं काम करणाऱ्या, लग्न न झालेल्या आईची ही मुलगी. लहानपणापासून मिळेल ते काम केलं, सर्कशीत गेली, तिथे पडली. मग चित्रकारांसमोर मॉडेल म्हणून तासन् तास बसू लागली. रन्वारच्या चित्रातली नाचणारी सुंदर तरुणी म्हणून जग तिला बघतं. ती मात्र बसल्या बसल्या त्यांचे हात कसे चालतात ते बघत होती. त्यातून शिकली आणि स्वतः चित्रकार झाली. १९२३ साली तिने काढलेल्या 'निळी खोली' या चित्रात पलंगावर एक धिप्पाड बाई टेकली आहे. अंगात पट्ट्यापट्ट्यांची विजार, तोंडात सिगरेट, पायाशी दोन पुस्तकं. ती कुणासाठी सजलेली नाही, कुणाची वाट बघत नाही. पुरुषांनी पलंगावरच्या बायका शेकड्यांनी रंगवल्या, पण अशी आळसावलेली, स्वतःपुरती बाई त्यांच्या हातून क्वचितच उतरली. धुणं धुणाऱ्या आईच्या मुलीला ती दिसली.

आता पुढे. मी अशी लोळत पडले होते तो पलंग सकाळी कुणीतरी आवरला होता. दुसऱ्या दिवशी जिन्यात तिची गाठ पडली. पश्चिम आफ्रिकेतून आलेली, माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठी. तिचं इंग्रजी थोडं, माझं फ्रेंच त्याहून थोडं. बाकी हातवारे. दोन्ही हातांवर चादरींची चळत, दंडाला बादली अडकवलेली. ढकलगाडी गोल जिन्यावरून जात नाही आणि लिफ्टमध्ये मावत नाही. पाच मजले, रोज सगळं हातावर. मी म्हटलं, जिना फार सुंदर आहे. काहीतरी बोलायचं म्हणून बोलले. ती हसली आणि तिने गुडघ्यावर हात ठेवला.

एम.एस.डब्ल्यू. करताना आम्ही वस्तीतल्या बायकांबरोबर दिवसाच्या कामाचे तक्ते भरायचो. किती वाजता उठलात, पाण्याला किती वेळ, भांड्याला किती वेळ. ती सवय जात नाही. तिच्या परवानगीने मी एक खोली आवरली जाताना शेवटपर्यंत बघितली. जुन्या चादरी ओढून काढायच्या. गादीचे चारी कोपरे उचलून नवी चादर खाली घट्ट खोचायची. गादी जड असते, आणि पलंग भिंतीला चिकटलेला असला तर एका बाजूने वाकूनच. मग उशा, पांघरूण, धूळ, केरसुणी. न्हाणीघरातले केस, आरशावरचे डाग, नळाची चकाकी, टॉवेल, कचरा, खिडकी. पाहुणा त्याच दिवशी खोली सोडून गेला असेल तर सगळं मुळापासून. हे सगळं करायला अर्धा तास लागला, आणि ती सराईत होती.

ती मालकाच्या थेट नोकरीत होती. पगार महिन्याचा, नाव त्याच्या पटावर. लहान हॉटेलात मालक चांगलेच असतात असं मला म्हणायचं नाही. 'घरच्यासारखं' या शब्दाने किती राबवून घेतात ते आपण घरकामगारांच्या बाबतीत बघतोच. पण कोणाच्या दारात जाऊन भांडायचं हे तिला माहीत होतं. मोठ्या साखळी हॉटेलांत तेवढंही नसतं. खोल्या आवरायचं काम बाहेरच्या ठेकेदार कंपनीला दिलेलं. बाई वर्षानुवर्षं त्याच हॉटेलात राबते, पण हॉटेलची नोकर नाही. पगार कागदावर तासाचा, प्रत्यक्षात खोल्यांच्या हिशेबाने. ठरलेल्या वेळात खोल्या पुऱ्या झाल्या नाहीत तर वरचा वेळ फुकट द्यायचा.

मोंमार्त्रच्या पश्चिमेला, चालत जाता येईल इतक्या अंतरावर, बातिन्योलमध्ये इबिसचं एक हॉटेल आहे. इबिस हा आकोर या जगभर पसरलेल्या कंपनीचा ब्रँड. जवळजवळ ७०० खोल्या. तिथल्या ठेकेदाराकडच्या सुमारे २० कामगारांनी १७ जुलै २०१९ रोजी संप पुकारला. बहुतेक बायका, बहुतेक आफ्रिकेतून आलेल्या. तासाला साडेतीन खोल्या असा त्यांच्यावर दट्ट्या होता. म्हणजे एका खोलीला सतरा मिनिटं! मी पाहिलेला तो अर्धा तास आठवा. पाठ, मनगटं, खांदे निकामी होत होते. बायका रोज हॉटेलच्या दाराशी ढोल वाजवत, नाचत, गात उभ्या राहिल्या. घरी पोरंबाळं, परदेशी कागदपत्रांची टांगती तलवार, आणि तरीही. युनियनने आणि लोकांनी वर्गणी काढून संपनिधी उभा केला, म्हणून चुली पेटल्या. मध्ये कोविडची टाळेबंदी आली. लढा २२ महिने चालला. मे २०२१मध्ये करार झाला : कामाचा वेग कमी, पगारात वाढ, जेवणाचा भत्ता. हॉटेलने थेट नोकरीत घ्यावं ही त्यांची मूळ मागणी मात्र मान्य झाली नाही, आणि विजयाच्या बातम्यांत ही गोष्ट मागे पडते. ठेकेदारी शाबूत राहिली. त्यांच्या पुढाऱ्यांपैकी एक, आयव्हरी कोस्टमध्ये जन्मलेली राशेल केके, जून २०२२मध्ये माजी मंत्री असलेल्या बाईंना हरवून फ्रान्सच्या संसदेत निवडून गेली. २०२४च्या निवडणुकीत ती पडली. पण दोन वर्षं का होईना, गाद्या उचललेली बाई त्या सभागृहात बोलली.

मोंमार्त्रला याचं नवल वाटू नये. आबेस म्हणजे मठाच्या अधिकारी जोगिणी. मध्ययुगापासून ही टेकडी त्यांच्या मठाच्या ताब्यात होती. बायकांच्या हातात जमीन आणि सत्ता होती, आणि त्यांच्या शेतात राबणारे दुसरे होते, हेही ध्यानात घ्या. पुढे १८ मार्च १८७१ला सरकारी सैनिक टेकडीवरच्या तोफा न्यायला आले तेव्हा वस्तीतल्या बायका तोफा आणि सैनिकांच्या मध्ये उभ्या राहिल्या. तिथून पॅरिस कम्यून सुरू झालं. त्या लढ्यातली लुईझ मिशेल इथलीच शाळामास्तरीण. तिला हजारो मैल दूरच्या बेटावर हद्दपार केलं. कम्यून चिरडल्यानंतर टेकडीवर ते पांढरंशुभ्र साक्रे-कर चर्च बांधायला घेतलं. आज त्याच्या पायथ्याशी ज्या हिरवळीवर जोडपी बसतात त्या बागेला २००४पासून लुईझ मिशेलचं नाव आहे. पाटी आहे, पण तिच्यासमोर फोटोची रांग मात्र नाही.

आता आपल्याकडे या. आपल्याला हे सगळं परकं नाही. पुण्यात मोलकरणींनी १९८० साली संप केला, तेव्हाही भांडण वेळेचं, पगाराचं आणि आजारपणातल्या खाड्याचंच होतं. २००८ साली महाराष्ट्रात घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा झाला. पण घरात भांडी घासणारी बाई आणि लॉजमध्ये चादरी बदलणारी बाई यांच्याकडे आपण वेगवेगळ्या नजरेने बघतो. दुसरीला आपण बघतच नाही. ती आपण बाहेर गेल्यावर येते, परतायच्या आत जाते.

काही मैत्रिणी म्हणतात, आम्ही आमचा पलंग आमचा आवरतो, झालं. करा, वाईट नाही. पण त्याने तिचा पगार वाढत नाही. उलट 'पर्यावरणासाठी रोज सफाई नको' अशी पाटी लावून हॉटेलं तिचे तासच कापतात. अमेरिकेत २०१८ साली मॅरियटच्या हॉटेलांत संप झाला, त्यात या 'हिरव्या' योजनेविरुद्धही तक्रार होती. रोज न झाडलेली खोली शेवटच्या दिवशी दुप्पट घाण असते, आणि मिनिटं तेवढीच. टेबलावर चार पैसे ठेवून येणं हेही चांगलंच, फक्त त्याला हक्क म्हणू नका.

मला बोलायचंय ते आपल्या अधिवेशनाबद्दल. दीडशेच्या वर बायका येणार, तीन रात्री राहणार. दरवेळी आपण लॉजमालकाशी एकाच गोष्टीवर घासाघीस करतो : भाडं. माणशी शंभर रुपये कमी झाले की निवास समितीला टाळ्या. हे शंभर रुपये मालक स्वतःच्या खिशातून देत नाही. यावेळी ठरवण्याआधी चार गोष्टी विचारू या. एकट्या बाईला एरवी खोली देता का? खोल्या आवरणाऱ्या बायका तुमच्या पटावर आहेत की ठेकेदाराच्या? एकीला दिवसाला किती खोल्या? त्या कुठे बसून जेवतात? शेवटच्या प्रश्नाला मालक सगळ्यात जास्त गोंधळतात, असा माझा अनुभव आहे. आणि अधिवेशनात एक सत्र त्या बायकांबरोबर ठेवायचं असेल तर ते दुपारी दोननंतर ठेवावं लागेल. त्याआधी त्या आपल्याच खोल्यांत असतील.

निवास समितीतल्या मैत्रिणींनी चहानंतर थांबावं. दोन लॉजशी बोलणं झालंय, तिसऱ्याचा फोन लागत नाहीये, तिथे उद्या सकाळी प्रत्यक्षच जाऊ.